बडग्या आणि अर्ज

(नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते. लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे करून त्यांची टिंगल करण्याची ही जुनी प्रथा आहे. या पाठात लेखकाने या प्रथेची ओळख करून दिली आहे आणि त्या निमित्ताने तक्रार कशी करावी, नागरिक म्हणून आपण काय करू शकतो, याविषयी तुमच्याशी गप्पा मारल्या आहेत.)

मुलांनो, तुम्हांला रोज कोणकोणत्या गोष्टींचा राग येतो? जरा आठवून पाहा. शाळेला निघण्याची घाई असते, नेमके तेव्हाच नळाला पाणी येते. रस्त्यावरचा एक खड्डा चुकवावा, तर पुढे दुसरा खड्डा तयारच असतो. कोणी खर्रा खाऊन नुकतीच रंगवलेली भिंत पुन्हा लाल करतो. रात्री गल्लीतला दिवा बंद आणि दुपारी उन्हात मात्र तोच दिवा चालू! असे काही दिसले, की आपण घरी येऊन अम्मी-अब्बांजवळ कुरकुर करतो. अम्मी म्हणते, "हात-पाय धू आणि जेवायला बस." जेवण होते आणि आपण कुरकुर विसरून जातो. खड्डा मात्र जिथल्या तिथे असतो.

नागपूरच्या लोकांनी फार वर्षांपूर्वी एक युक्ती शोधून काढली. त्यांनी आपल्या कुरकुरीला हात, पाय, डोके दिले, तिच्या गळ्यात पाटी अडकवली आणि वाजतगाजत तिला रस्त्यावर आणले. या कुरकुरीच्या पुतळ्याचे नाव आहे 'बडग्या'.

श्रावण अमावास्येला पोळा असतो. हा बैलांचा सण. शेतकरी त्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. त्यांना न्हाऊमाखू घालतात, सजवतात आणि गोडधोड खाऊ घालतात. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. तो लहान मुलांचा पोळा. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि खाऊ मिळवतात. याच दिवशी नागपूरच्या इतवारी आणि महाल भागांतील जुन्या रस्त्यांवर मारबतीची मिरवणूक निघते.

मारबत म्हणजे बाईच्या आकाराचा प्रचंड पुतळा. एक मारबत काळी आणि एक पिवळी असते. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सुरू आहे, असे सांगितले जाते. काळी मारबत म्हणजे नागपूरच्या भोसले घराण्यातील बाकाबाई, असे काही लोक मानतात. बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, म्हणून लोकांनी असा राग काढला, अशी ही लोककथा आहे. काही लोक तिला पूतना राक्षसी समजतात. कथा कोणतीही असो, मागणे एकच असते. गावातली सगळी पीडा आणि रोगराई मारबतीने आपल्याबरोबर घेऊन जावी. मिरवणूक संपली, की या पुतळ्यांचे दहन केले जाते.

मारबतीच्या मागेपुढे बडग्ये असतात. बांबूच्या कामट्या, रद्दी कागद, गवत आणि जुने कपडे एवढे साहित्य असले, की बडग्या तयार होतो. मोहल्ल्यामोहल्ल्यातील मुले आणि तरुण मिळून तो बनवतात. मारबतीचे रूप ठरलेले असते, पण बडग्या दरवर्षी नवा असतो. ज्या वर्षी लोकांना जे छळते, त्याचा बडग्या होतो. महागाईचा बडग्या असतो, लाचखोरीचा असतो, रोगाच्या साथीचा असतो. त्याच्या गळ्यातील पाटीवर चार खोचक शब्द लिहिलेले असतात. ते वाचून रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गर्दी हसत सुटते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ही मिरवणूक निघू शकली नाही. ज्या पीडेला घालवायचे, तिनेच त्या वर्षी रस्ता अडवला!

अशी कल्पना फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. स्पेन देशातील व्हॅलेन्सिया शहरात दरवर्षी मार्च महिन्यात 'फायास' नावाचा उत्सव होतो. तेथेही कारागीर पुढाऱ्यांची आणि समाजातील दोषांची टिंगल करणारे भव्य पुतळे तयार करतात आणि १९ मार्चच्या रात्री ते जाळतात. २०१६ मध्ये युनेस्कोने या उत्सवाचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. नागपूर आणि व्हॅलेन्सिया यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे. तरीही दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. राग मनात कुजवत ठेवू नये. त्याला चारचौघांत आणावे आणि हसून बोलावे.

बडग्याची ही युक्ती मला फार आवडते. एकटा माणूस ओरडला, तर लोक म्हणतात, "हा भांडखोर आहे." पण सगळा मोहल्ला मिळून बडग्या घेऊन निघाला, तर ज्याच्यावर टीका आहे तोही ओठांतल्या ओठांत हसतो. शिवाय बडग्या बनवताना कोणी कामट्या बांधतो, कोणी खळ शिजवतो, ज्याचे अक्षर चांगले तो पाटी लिहितो. एरवी एकमेकांशी न बोलणारे शेजारीही त्या दिवशी एकत्र येतात.

पण मुलांनो, आता दुसऱ्या दिवसाचा विचार करा. समजा, तुमच्या मोहल्ल्याने खड्ड्याचा बडग्या केला. लोक खूप हसले. संध्याकाळी बडग्या जळून राख झाला. सकाळी तुम्ही शाळेला निघालात, तेव्हा खड्डा कोठे होता? तो तेथेच होता. बडग्या जळतो, पण खड्डा जळत नाही. काय दुखते, ते बडग्या सांगतो. पण कोठे दुखते, केव्हापासून दुखते आणि औषध कोणी द्यायचे, हे तो सांगत नाही. त्यासाठी कागदाचा दुसरा उपयोग करावा लागतो. तो कागद म्हणजे अर्ज.

'अर्ज' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मुशायऱ्यात शायर उभा राहतो आणि अदबीने म्हणतो, "अर्ज किया है." अर्ज करणे म्हणजे नम्रपणे सांगणे. मराठीच्या सरकारी कारभारात असे कितीतरी शब्द उर्दूचे सोबती आहेत. ते फारसी-अरबीतून आले आणि मराठीत येऊन थोडे बदलले. 'दाद' हा शब्द घ्या. शेर आवडला, की तुम्ही 'दाद' देता. मराठी माणूसही गाण्याला दाद देतो, पण अन्याय झाला तर तो न्यायालयात 'दाद मागतो'. उर्दूत 'दखल देणे' म्हणजे दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणे. मराठीत 'दखल घेणे' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे लक्ष देणे. म्हणून वर्तमानपत्रात 'अधिकाऱ्यांनी तक्रारीची दखल घेतली' असे वाचले, तर गैरसमज करून घेऊ नका. ती चांगली बातमी आहे!

सर्वांत गमतीचा शब्द 'तक्रार' हा आहे. उर्दूत तकरार म्हणजे हुज्जत, भांडण. तुम्ही ज्याला शिकायत म्हणता, तिला मराठीत तक्रार म्हणतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण व्यवहारातही बरेच लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. ते कार्यालयात तक्रार करायला जातात आणि तकरार करून परत येतात. आवाज चढतो, टेबलावर हात आपटला जातो, चार लोक जमतात. घरी आल्यावर लक्षात येते, की ज्या कामासाठी गेलो, त्याचा कागद आपण दिलाच नाही.

मग तक्रार करावी तरी कशी? एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या शाळेच्या फाटकाजवळ गटाराचे चेंबर उघडे आहे. त्याचे झाकण तुटले आहे. उन्हाळ्यात ते दिसते, म्हणून मुले वळसा घालून जातात. पावसात रस्ता पाण्याखाली गेला, की ते दिसत नाही. पहिलीतल्या मुलाचा पाय त्यात पडला तर काय होईल, हे सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. नाग नदीचे पाणी लोकांच्या घरांत शिरले. पोळा होऊन तेव्हा जेमतेम आठ-दहा दिवस झाले होते. अशा पावसात रस्ता कोणता आणि नाला कोणता, हे मोठ्या माणसांनाही कळत नाही. म्हणून झाकणाची तक्रार कोरड्या दिवसांतच केली पाहिजे.

प्रथम जागा नीट पाहावी. चेंबर कोठे आहे, जवळ कोणती खूण आहे, झाकण केव्हापासून नाही, हे वहीत लिहावे. मग हे काम कोणाचे, ते शोधावे. नागपूर महानगरपालिकेचे दहा झोन आहेत. आपला मोहल्ला कोणत्या झोनमध्ये येतो, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारावे. त्यानंतर गुरुजींच्या मदतीने असा अर्ज लिहावा :

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
........ झोन, नागपूर महानगरपालिका, नागपूर.

विषय : शाळेच्या फाटकाजवळील उघड्या चेंबरवर झाकण बसवण्याबाबत.

महोदय,
आमच्या शाळेच्या मुख्य फाटकापासून दहा पावलांवर गटाराचे चेंबर आहे. दिनांक ........ पासून त्याचे झाकण तुटलेले आहे. या रस्त्याने लहान मुले रोज ये-जा करतात. पावसाळ्यात पाणी साचल्यावर हे चेंबर दिसत नाही. तरी पावसाळ्यापूर्वी झाकण बसवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
(नावे व सह्या)

पाहा, या अर्जात एकही रागाचा शब्द नाही. 'आपले कोणीच ऐकत नाही', 'सगळे असेच आहेत' अशी वाक्ये नाहीत. जागा, तारीख, धोका आणि मागणी या चारच गोष्टी आहेत. वाचणाऱ्याला काय करायचे ते लगेच कळते. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. हा आवक क्रमांक फार महत्त्वाचा आहे. तो नसेल, तर तुमचे बोलणे हवेत विरते. तो असेल, तर पुढच्या वेळी तुम्ही म्हणू शकता, "अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या अर्जाचे काय झाले?" उत्तर आले नाही, तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे.

स्मरणपत्रानेही काम झाले नाही, तर आणखी एक मार्ग आहे. २००५ साली आपल्या देशात माहितीचा अधिकार कायदा झाला. त्याआधी २००२ मध्येच महाराष्ट्राने स्वतःचा असा कायदा केला होता. या कायद्यामुळे नागरिक सरकारी कार्यालयाकडे लेखी माहिती मागू शकतो. साधारणपणे तीस दिवसांच्या आत ती द्यावी लागते. त्यासाठी दहा रुपये शुल्क असते. 'माझ्या अर्जावर काय कारवाई झाली?' हा साधा प्रश्नही या कायद्याने विचारता येतो. 'जबाबदार' या शब्दात 'जबाब' दडलेला आहे, हे तुमच्या लक्षात आले का? ज्याच्यावर जबाब देण्याचा भार आहे, तो जबाबदार.

आता जबाब देण्याची पाळी आपली आहे. नागपूरचा उन्हाळा तुम्हांला माहीत आहे किंवा तुम्ही ऐकला असेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे घरोघरी कूलर असतात. पावसाळा आला, की कूलर बंद होतो आणि त्याच्या टाकीत उरलेले पाणी तसेच राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला गटाराचे घाण पाणी लागत नाही. त्याला असेच स्वच्छ, साचलेले पाणी आवडते. या पाण्यात अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी केली, तर डास जन्मालाच येत नाही. मात्र नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात आणि ती कोरडीही टिकतात. म्हणून कडा घासून काढाव्या लागतात.

एकदा अशी कल्पना करा. रस्त्यावरून डेंग्यूच्या डासाचा भला मोठा बडग्या चालला आहे. आपण खिडकीतून पाहून टाळ्या वाजवत आहोत. आणि त्याच खिडकीत बसवलेल्या कूलरमध्ये खरे डास पोहत आहेत! कागदाचा डास जळाला, खरा डास घरात राहिला. तो चावला, तर आजारी कोण पडेल? अधिकारी नाही, आपलीच धाकटी बहीण, आपलीच दादी.

विदर्भातल्याच एका थोर माणसाने हे फार चांगले ओळखले होते. संत गाडगेबाबा हे अमरावती जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८७६ मध्ये झाला आणि ते १९५६ मध्ये वारले. ते गावात आले, की आधी हातातल्या झाडूने रस्ते झाडू लागत. दिवसभर गाव स्वच्छ करत आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तरे वदवून घेत. दिवसा ज्याच्या दारापुढचा कचरा बाबांनी झाडला, त्याला रात्रीचा प्रश्न बरोबर लागत असे. आधी झाडू, मग प्रश्न, हा त्यांचा क्रम होता. आधी स्वतः काम केलेल्या माणसाचा प्रश्न कोणाला टाळता येत नाही.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. एका वहीत आठवडाभर रोज दिसणाऱ्या त्रासदायक गोष्टी लिहा. मग पानाचे दोन भाग करा. एका बाजूला 'मी करण्याचे काम' आणि दुसऱ्या बाजूला 'अर्ज करण्याचे काम' असे लिहा. कूलरची टाकी पहिल्या बाजूला जाईल, चेंबरचे झाकण दुसऱ्या बाजूला. नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी? ती उचलण्यासाठी अर्ज लागेल, पण न टाकण्यासाठी अर्ज लागत नाही. काही गोष्टी दोन्ही बाजूंना लिहाव्या लागतील. त्यांच्यावर वर्गात चर्चा करा.

उर्दूत नागरिकाला 'शहरी' म्हणतात. तो शब्द 'शहर' या शब्दापासून बनला. मराठीतला 'नागरिक' हा शब्द 'नगर' या शब्दापासून बनला. दोन्ही भाषांनी माणसाची ओळख त्याच्या गावावरूनच ठरवली. मत देण्यासाठी तुम्हांला वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल. टाकी घासण्यासाठी आणि अर्ज लिहिण्यासाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. पुढच्या पोळ्याला बडग्या जरूर बनवा, त्याच्या पाटीवर झणझणीत शब्द लिहा आणि पोट धरून हसा. फक्त मिरवणुकीला निघण्यापूर्वी खिशात अर्जाची दुसरी प्रत आहे ना, आणि तिच्यावर आवक क्रमांक आहे ना, एवढे पाहून घ्या.

शब्दार्थ

कुरकुर – नाराजीने पुटपुटणे. खर्रा – सुपारी, तंबाखू व चुना यांचे घोटलेले मिश्रण. कामटी – बांबूची पातळ पट्टी. खळ – पिठापासून केलेला चिकट पदार्थ. पीडा – त्रास, दुःख. खोचक – मनाला टोचणारे. दहन – जाळणे. गल्लत – चूक, गोंधळ. आवक क्रमांक – कार्यालयात आलेल्या कागदाला दिलेला नंबर. स्मरणपत्र – आठवण करून देणारे पत्र.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारबतीची मिरवणूक कोणत्या दिवशी निघते?
(आ) बडग्या बनवण्यासाठी कोणते साहित्य लागते?
(इ) संत गाडगेबाबा गावात आल्यावर आधी काय करत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बडग्या आणि अर्ज यांत कोणता फरक आहे?
(आ) कूलरच्या टाकीच्या कडा घासून काढणे का आवश्यक आहे?
(इ) आवक क्रमांकाचा उपयोग काय?

प्र. ३. पुढील शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा.
तक्रार, दखल, दाद, शहरी

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
हातमिळवणी करणे, दखल घेणे, दाद मागणे, वळसा घालणे

प्र. ५. तुमच्या गल्लीतील बंद दिव्याबद्दल योग्य अधिकाऱ्याला अर्ज लिहा. जागा, तारीख, धोका आणि मागणी या चारही गोष्टी त्यात आल्या आहेत का, ते तपासा.

उपक्रम : तुमच्या वर्गाने यंदा कोणत्या गोष्टीचा बडग्या करावा, यावर चर्चा करा. त्याच्या पाटीवर लिहिण्यासाठी एक वाक्य तयार करा.